दिवा लुकलुकत होता

सेवानिवृत्त माणसाजवळ भरपूर वेळ असतो, असा समाजाचा समज आहे. आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाजवळ वेळेबरोबर चिकाटीही असते, असा आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीचा समज आहे. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतून मी २०१७ साली निवृत्त झालो आणि महिन्याभरातच इंदूरच्या आमच्या ग्रंथालयातील संगणकांची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. त्या विद्येत माझी गती होती म्हणून नव्हे. नोकरीची शेवटची काही वर्षे मी संगणकासमोर बसलो होतो, एवढेच माझे भांडवल. ते संपले की मी पुण्यातील भाच्याला दूरध्वनी करतो. तो या क्षेत्रातला अभियंता आहे आणि मामाचा मान राखून, मनातल्या मनात हसत, उत्तरे देतो.

२०२५ च्या दिवाळीत एक अडचण उभी राहिली. ग्रंथसूची पाहण्यासाठी वाचकांच्या दालनात ठेवलेल्या संगणकांवर विंडोज १० होते आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला मिळणारा कंपनीचा सर्वसाधारण आधार संपला. नवी आवृत्ती त्या जुन्या यंत्रांवर नियमाप्रमाणे चढत नव्हती. ही गोष्ट कानी गेल्यावर संस्थेच्या एका दिवंगत सभासदांच्या कन्येने वडिलांच्या स्मरणार्थ सहा नवे संगणक देऊ केले. त्या आता बडोद्यास असतात. वडिलांचा हात धरून त्या लहानपणी आमच्या ग्रंथालयात येत, हे मला आठवते. संगणक आले. ते कोरे होते, म्हणजे त्यांवर विंडोज घातलेले नव्हते. आमच्या पद्धतीप्रमाणे ते आम्हीच घालणार होतो.

ही पद्धत भाच्याने २०१८ साली बसवून दिली होती. सहा यंत्रांवर सहा वेळा विंडोज घालायचे, मग मराठी कळफलक, मग ग्रंथसूची, यात आठवडा जातो. त्याऐवजी सर्व काही बसवलेला एक साचा मध्यवर्ती संगणकात ठेवायचा आणि नव्या यंत्राने तो तारेवरून उतरवून घ्यायचा. नव्या यंत्राच्या पोटात काहीच नसते. मग ते साचा मागणार कसे? त्यासाठी एक छोटेसे, तात्पुरते विंडोज असते. विंडोजच्या स्थापनेपूर्वीचे हे वातावरण, त्याला ‘विंडोज पीई’ म्हणतात. २००२ साली ते प्रथम आले. हे चिमुकले विंडोज यंत्राच्या डिस्कवर वस्तीला येत नाही. ते केवळ स्मृतीत उघडते, स्वतःला ‘एक्स’ हे अक्षर घेते, आपले काम उरकते आणि यंत्र बंद होताच नाहीसे होते. कोणी त्याला सलग ७२ तास चालू ठेवलेच, तर ते आपण होऊन यंत्र पुन्हा सुरू करते. पूर्वी धर्मशाळेत तीन दिवसांवर मुक्काम करू देत नसत, त्याची मला आठवण झाली.

पहिले नवे यंत्र मी जोडले. सुरू होताच त्याने तारेवरून मध्यवर्ती संगणकाला साद घातली, त्याच्याकडून पत्ता मिळवला आणि ते चिमुकले विंडोज ओढून घेऊ लागले. पडद्यावरची रेघ सरकत शेवटाला पोहोचली. काळी चौकट उघडली. आता साचा उतरू लागणार म्हणून मी चष्मा पुसला. चौकटीत वाक्य उमटले, की मध्यवर्ती संगणक सापडत नाही.

नेटवर्कची स्थिती दाखवणारी आज्ञा मला ठाऊक होती. ती दिली. वर मथळा आला, खाली काही नाही. पत्ता चुकलेला असता तर चुकीचा पत्ता दिसला असता. तार निघालेली असती तर तसे लिहून आले असते. येथे नेटवर्क कार्ड नावाची वस्तू या यंत्रात आहे, याचाच पत्ता नव्हता. तार बदलली, दुसरे यंत्र लावले, तिसरे लावले. सहाही यंत्रांची तीच कथा. मी वाकून मागच्या बाजूला पाहिले. तार जेथे खोचली होती तेथला हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला. सहाच्या सहा यंत्रांत नेटवर्क दिसत नाही, तेव्हा माल सदोष आहे, असे मत पडले. देणगीदार बाईंना कळवावे, त्यांनी विक्रेत्याकडून बदलून घ्यावे, असे ठरले. पत्र लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. त्या रात्री मी मसुदा केला: ‘सदर संगणकांत नेटवर्कची सुविधा आढळून येत नाही, सबब ते आहेत त्या स्थितीत स्वीकारणे शक्य नाही.’ सवयीप्रमाणे मी तो एकदा मोठ्याने वाचला आणि ‘आढळून येत नाही’ या शब्दांशी अडखळलो. हे वाक्य मी पूर्वी एकदा लिहिले होते. तेव्हा ते हिंदीत होते आणि समोर यंत्र नव्हते.

गोष्ट १९८९ सालची. एका जिल्ह्याच्या ठिकाणी कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि नियमांवर माझी श्रद्धा होती. एका चौकीदाराची विधवा आली. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. नवऱ्याच्या सेवापुस्तिकेत तिचे नाव होते ते घरात हाक मारण्याचे. शिधापत्रिकेत आणि इतर कागदांत होते ते निराळे. नोकरीला लागताना त्या माणसाने बायकोचे नाव सांगितले असेल ते त्याच्या तोंडी बसलेले. मी शेरा मारला: ‘अभिलेख में उक्त नाम नहीं पाया गया, अतः प्रकरण वापस।’ ती पुन्हा आली. मी तेच सांगितले. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती टेबलाच्या कडेला हात ठेवून म्हणाली, “साहब, मैं तो आपके सामने खड़ी हूँ।” मी तिला समजावले, की तुम्ही उभ्या आहात हे मला दिसते, पण नोंदीत ते नाव नाही. माझे म्हणणे नियमाप्रमाणे अचूक होते. त्यानंतर ती आली नाही, आणि काही आठवड्यांनी माझी बदली झाली.

मसुदा तसाच ठेवून मी दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला दूरध्वनी केला.

“मामा, तार लावल्यावर दिवा लागतो का?” त्याने पहिलाच प्रश्न केला.

“लागतो. लुकलुकतोसुद्धा.”

“मग कार्ड जिवंत आहे. पीईला ते ओळखता येत नाही, एवढंच.”

“अरे, पण त्या कार्डावरूनच तर हे पीई यंत्रात आलं! येताना ओळख होती आणि आल्यावर गेली?”

तो हसला नाही. म्हणाला, “बरोबर प्रश्न आहे.” आणि त्याने जे सांगितले ते मी कागदावर लिहून घेतले. यंत्र सुरू होते तेव्हा विंडोज नसतेच. त्या वेळी कार्डाला चालवणारी छोटी आज्ञावली यंत्राच्या मूळ प्रणालीत किंवा कार्डातच भरून दिलेली असते. तारेवरून साद घालून सुरुवात करण्याच्या या रीतीला ‘पीएक्सई’ म्हणतात. १९९९ साली निघालेली तिची २.१ ही संहिता त्या वेळी इंटेल कंपनीने प्रसिद्ध केली. तिचे काम चिमुकल्या विंडोजला दारापर्यंत आणून सोडण्याचे. विंडोजने सूत्रे हाती घेतली की ती बाजूला होते. पुढे कार्डाशी बोलायचे तर विंडोजला स्वतःचा दुभाषा लागतो. तोच ड्रायव्हर. आमचे पीई २०१८ साली बांधलेले. या यंत्रांतले कार्ड त्यानंतर बाजारात आलेले. जन्मण्यापूर्वीच्या यादीत त्याचे नाव असणार कसे?

“आणि हे पीई बिचारं बाहेर विचारायलाही जाऊ शकत नाही,” भाचा म्हणाला. “नेहमीचं विंडोज कधी कधी इंटरनेटवरून ड्रायव्हर आणतं. याला बाहेर जायचं तर नेटवर्क पाहिजे, आणि नेटवर्कसाठीच तर ड्रायव्हर पाहिजे.”

हे मात्र मला लगेच समजले. ओळखपत्र हरवल्याची तक्रार नोंदवायला ओळखपत्र मागणारी कार्यालये मी पाहिली आहेत.

त्याने मला प्रथम कार्डाची खरी ओळख शोधायला सांगितली. अशा प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक दिलेले असतात, एक निर्मात्याचा व एक त्या उपकरणाचा. दोन्ही चार-चार चिन्हांचे. त्यांत अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही येतात. इंटेल कंपनीचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली तिने काढलेल्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचे हेच नाव होते. क्रमांक देतानाही कोणाला तरी आठवण ठेवावीशी वाटली म्हणायची! खोक्यावरचे नाव फसवू शकते, कारण एकाच नावाच्या यंत्रात कधी एक कार्ड बसवतात, कधी दुसरे. क्रमांक फसवत नाहीत.

माझ्याकडे लिनक्सची एक पेन ड्राइव्ह होती. भाच्याच्या सांगण्यावरून तिच्यावरून यंत्र सुरू केले. अर्ध्या मिनिटात नेटवर्क जोडले गेल्याची खूण उमटली. त्या प्रणालीने हजारो कार्डांचे दुभाषे आधीच बरोबर बांधून आणले होते. म्हणजे यंत्र निर्दोष होते, कार्ड निर्दोष होते, तारही निर्दोष होती. मी आदल्या रात्री मात्र ‘सुविधा आढळून येत नाही’ असे लिहून बसलो होतो. एक आज्ञा देऊन मी कार्डाचे दोन्ही क्रमांक पडद्यावर पाहिले आणि वहीत उतरवून घेतले.

पुढची पायरी ड्रायव्हर मिळवण्याची. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तो उतरवला, पेन ड्राइव्हवर घेतला, पीईमध्ये चालवून पाहिला. चालला नाही. मी उतरवले होते ते बसवणारे पॅकेज, ‘सेटअप’. ते पूर्ण विंडोजसाठी असते. पीईला त्याच्या आतला ऐवज सुटा करून द्यावा लागतो. मध्यवर्ती संगणकावर ते पॅकेज सोडवले तेव्हा आत विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे कप्पे निघाले. आमचे पीई ६४ बिटी, म्हणून ड्रायव्हरही ६४ बिटीच हवा. त्या कप्प्यात कामाच्या तीनच फाइली होत्या. ‘आयएनएफ’ ही साधी वाचता येईल अशी मजकुराची फाइल: कोणत्या क्रमांकाच्या कार्डासाठी हा ड्रायव्हर आहे आणि कोणती वस्तू कोठे ठेवायची, हे तिच्यात लिहिलेले. ‘सिस’ म्हणजे प्रत्यक्ष दुभाषा. आणि ‘कॅट’ म्हणजे त्यावरची सही, की यात मागाहून कोणी फेरफार केलेला नाही. मी आयएनएफ उघडून तिच्यात वहीतले क्रमांक शोधले. सापडले. यादीत आपले नाव शोधणाऱ्या परीक्षार्थीला होतो तसला आनंद मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी झाला.

चालू असलेल्या पीईला जागच्या जागी ड्रायव्हर देण्यासाठी ‘ड्रव्हलोड’ नावाची आज्ञा असते. तिच्यापुढे त्या आयएनएफ फाइलीचा ठावठिकाणा लिहून मी कळ दाबली. ड्रायव्हर घेतला गेल्याचे वाक्य आले. मग ‘डब्ल्यूपीईइनिट’ ही आज्ञा देऊन नेटवर्क नव्याने सुरू केले आणि स्थिती विचारली. मथळ्याखाली चार आकड्यांचा पत्ता उभा होता. पाठीमागचा दिवा तसाच लुकलुकत होता. त्याच्यात काहीच बदल झाला नव्हता.

मात्र हा उपाय त्या वेळेपुरता. ड्रव्हलोडने दिलेली ओळख स्मृतीत राहते. यंत्र बंद झाले की गेली. सहा यंत्रांसाठी हा खटाटोप सहा वेळा, आणि पुढे दुरुस्तीच्या प्रत्येक वेळी पुन्हा. खरे काम ड्रायव्हर मूळ पीईतच घालून ठेवण्याचे होते. पीई एका गठ्ठ्यात बांधलेले असते. त्या फाइलीचे नाव ‘बूट.विम’. प्रथम तिची एक प्रत बाजूला काढून ठेवली, कारण मूळ कागदावर खाडाखोड करू नये हे मला कोणी शिकवायला नको होते. मग मध्यवर्ती संगणकावर, प्रशासकाच्या अधिकाराने, ‘डिझम’ नावाच्या साधनाने तो गठ्ठा एका रिकाम्या कप्प्यात उलगडला. दुसऱ्या आज्ञेने त्यात ड्रायव्हर घातला. तिसऱ्या आज्ञेने गठ्ठा पुन्हा बांधायचा. येथे मी चुकलो. बांधताना ‘बदल कायम करावेत’ असे सांगायचे असते; मी नजरचुकीने ‘बदल टाकून द्यावेत’ असा पर्याय दिला. साधनाने आज्ञाधारकपणे तासाभराचे काम टाकून दिले. टिपणी लिहावी, खाली सही करावयास विसरावे आणि ती फाइलीतून काढली जावी, तसे झाले. दुसऱ्या खेपेस प्रत्येक आज्ञा आधी वहीत लिहिली, मग टंकित केली.

भाच्याने दोन सूचना दिल्या होत्या, त्या अशा कामात पडणाऱ्यांसाठी येथे नोंदवतो. पहिली, हात सढळ आहे म्हणून सापडतील ते सारे ड्रायव्हर गठ्ठ्यात भरू नयेत. पीई संपूर्ण स्मृतीत उघडते. त्याला नेटवर्क आणि डिस्क एवढ्यांचीच ओळख पुरते, आवाजाची वा छपाईयंत्राची लागत नाही. दुसरी, पीईला कार्ड ओळखता आले म्हणून त्यामागून येणाऱ्या पूर्ण विंडोजला ते ओळखता येईलच असे नाही. ते निराळे घर आहे. त्याच्या साच्यातही तोच ड्रायव्हर स्वतंत्रपणे घालावा लागतो. ही दुसरी सूचना मला समजावून सांगावी लागली नाही. एका खात्यात पटलेली ओळख दुसऱ्या खात्यात चालत नाही, यातच माझी सारी हयात गेली.

नवा गठ्ठा जागेवर ठेवला आणि यंत्र सुरू केले. साद गेली, पत्ता आला, पीई उतरले, काळी चौकट उघडली. आणि या वेळी ती चौकट थांबली नाही. साचा उतरू लागला. संध्याकाळपर्यंत सहाही यंत्रे तयार झाली. ग्रंथपालबाईंनी सवयीने एका यंत्रावर मराठी कळफलक तपासला आणि पडद्यावर देणगीदार बाईंच्या वडिलांचे नाव लिहून पाहिले. ते व्यवस्थित उमटले.

त्या रात्री मसुद्याचा कागद पुन्हा हाती घेतला. हे पत्र गेले असते तर काय झाले असते? विक्रेत्याने कदाचित दुसरी सहा यंत्रे दिली असती आणि त्यांतही नेटवर्क ‘आढळून’ आले नसते. वडिलांच्या नावे दिलेली वस्तू संस्थेने नाकारली, एवढे मात्र त्या बाईंच्या मनात राहिले असते. आणि माझे पत्र नियमाप्रमाणे अचूकच ठरले असते.

त्या चौकीदाराच्या विधवेचे पुढे काय झाले ते मला १९९२ साली कळले. लेखापरीक्षणाच्या निमित्ताने मी त्याच कार्यालयात दोन दिवस गेलो होतो आणि निकाली प्रकरणांत ती फाइल हाती आली. माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने तिला स्वतः बोलावून घेतले होते. दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे तिचे शपथपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजारच्या दोघा साक्षीदारांचे निवेदन, असे तीन कागद लावून त्याने प्रकरण मंजूर केले होते. तिन्हींवर एकाच आठवड्यातील तारखा होत्या. नियम तोच होता. त्यात या तीन कागदांना जागा तेव्हाही होती. ती मला ठाऊक होती. तिने मागितले नाहीत म्हणून मी सांगितले नाहीत, आणि जे आहे हेच ठाऊक नाही ते तिने मागायचे तरी कसे? माझ्या शेऱ्यापासून मंजुरीपर्यंत चौदा महिने गेले होते. फाइलीत तिचा एक अर्ज होता, कोणाकडून तरी लिहवून घेतलेला; त्यात मुलाची शाळा सुटल्याचे आणि तो हॉटेलात कपबशा धुतो असल्याचे लिहिले होते. फाइल मिटून मी ती जागेवर ठेवली आणि लेखापरीक्षणाच्या अहवालात ‘प्रकरण नियमानुसार’ असे लिहिले. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही.

यंत्राची आणि त्या बाईंची तुलना मला फार ताणायची नाही. कार्डाला भूक नसते आणि त्याचा मुलगा शाळेतून काढला जात नाही. पीईचाही दोष नाही. त्याला जेवढे दिले तेवढेच ते जाणते आणि त्यापलीकडे विचारण्याची त्याला सोय नाही. मला सोय होती. खुर्चीवरून उठून शेजारच्या खोलीत विचारता आले असते, त्या बाईंना खाली बसवून दोन प्रश्न करता आले असते. समोर दिवा लुकलुकत होता आणि मी मथळ्याखालची रिकामी जागा पाहत होतो.

देणगीदार बाईंना मी दुसरे पत्र लिहिले. संगणक उत्तम असल्याचे, ते वाचकांच्या सेवेत रुजू झाल्याचे आणि आमच्याच व्यवस्थेत राहिलेली उणीव दूर करण्यास आठ दिवस लागल्याचे त्यात कळवले. ‘आमच्याच व्यवस्थेत’ हे शब्द कार्यकारिणीतील एका स्नेह्यांना खटकले, ते म्हणाले, “एवढं कबूल करायची काय गरज?” मी ते शब्द तसेच ठेवले.

ग्रंथालयाच्या जडसंग्रह वहीत आता प्रत्येक संगणकापुढे एक नवा रकाना आखला आहे. त्यात नेटवर्क कार्डाचे दोन क्रमांक, ड्रायव्हरच्या तीन फाइली ठेवलेला कप्पा आणि गठ्ठ्यात ते घातल्याची तारीख लिहिली आहे. माझ्यानंतर हे काम ज्याच्याकडे येईल, त्याला पुण्यात भाचा असेलच असे नाही.